भांडत्या घरातील मूल : मराठी आत्मकथन व नाटक यांतील काही संदर्भ

१

कौटुंबिक कलह हा मराठी कथात्म वाङ्मयाचा प्रारंभापासूनचा विषय आहे. सासुरवास, भाऊबंदकी, सवतीमत्सर, दारू, मारहाण, नवऱ्याने टाकून देणे या घटनांची वर्णने कादंबरीत, नाटकात व आत्मचरित्रात विपुल आढळतात. समीक्षेनेही त्यांची दखल घेतली आहे. परंतु ती प्रामुख्याने स्त्रीप्रश्न, जातिव्यवस्था किंवा पिढ्यांमधील संघर्ष या अंगांनी. ज्या घरात हा कलह घडतो त्या घरात बहुधा एखादे मूलही असते. ते मोठ्यांचे भांडण पाहते, ऐकते आणि त्याचा आपल्यापरीने अर्थ लावते. त्या मुलाच्या बाजूने या साहित्यकृती वाचण्याचा प्रयत्न त्या मानाने कमी झालेला दिसतो. प्रस्तुत लेखात निवडक साहित्यकृतींच्या आधारे या अंगाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी भाषेचा विचार करू. विवाह मोडलेल्या वा मोडकळीस आलेल्या स्त्रीसाठी मराठीत अनेक शब्द आहेत. लोकव्यवहारात ‘टाकलेली’, जातपंचायतीच्या परिभाषेत ‘काडीमोड झालेली’, १९८०नंतरच्या चळवळीच्या भाषेत ‘परित्यक्ता’, कायद्याच्या भाषेत ‘घटस्फोटिता’. या शब्दांच्या क्रमात स्त्रीकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेला बदलही दिसतो. मुलाच्या बाबतीत मात्र अशी प्रगती आढळत नाही. ‘अक्करमाशी’, ‘लेकावळा’, ‘सावत्र’ हे शब्द मुलाच्या जन्माचा किंवा नात्याचा दर्जा सांगतात. त्याच्या वाट्याला आलेले दुःख सांगत नाहीत. ‘पोरका’ हा शब्द आईबाप गमावलेल्यासाठी आहे. आईबाप हयात असूनही ज्याला ते लाभत नाहीत, अशा मुलासाठी आपल्यापाशी स्वतंत्र शब्द नाही. ही उणीव साहित्यिकांनी शब्दाऐवजी कथनाने कशी भरून काढली, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मानसशास्त्राने या विषयात जे सांगितले आहे त्याचे येथे थोडक्यात स्मरण करणे पुरेसे आहे. बालपणीच्या प्रतिकूल अनुभवांविषयी अमेरिकेत सतरा हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी झाली. तिचे पहिले निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. घरातील मारहाण, आईवर होणारा अत्याचार, व्यसन, आईवडिलांचे विभक्त होणे असे अनुभव जितके अधिक, तितका पुढील आयुष्यात आजाराचा व नैराश्याचा संभव अधिक, असे या पाहणीत दिसून आले. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तेरा राज्यांतील १२,४४७ मुलांशी संवाद साधण्यात आला होता. त्यांत महाराष्ट्र व गोवाही होते. दर तिघांपैकी दोन मुलांना शारीरिक मारहाण सोसावी लागल्याचे आणि घरातील मारहाणीत बहुतेक वेळा आईवडीलच मारणारे असल्याचे तिच्यात नमूद आहे. या क्षेत्रातील अभ्यासकांनी आणखी दोन गोष्टी वारंवार सांगितल्या आहेत. एक, आईवडील वेगळे होण्यापेक्षा त्यांच्यातील न संपणारा, मुलाला मध्ये ओढणारा कलह अधिक घातक असतो. दुसरी, घरातील बिघाडाचे कारण आपणच आहोत, असे लहान मूल पुष्कळदा मनाशी धरून बसते. अर्थात आकडे प्रश्नाचा विस्तार दाखवितात; मुलाच्या मनात तो प्रश्न कोणत्या रूपाने वावरतो, हे कळण्यासाठी कथनाकडे वळावे लागते.

२

मराठी कादंबरीत घरातील ताण मुलाच्या नजरेतून सविस्तर दाखविण्याचे श्रेय हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीला द्यावे लागेल. ‘करमणूक’ पत्रात १८९०पासून क्रमशः आलेली ही कादंबरी १८९३मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विधवेच्या दुःखाची कहाणी म्हणून तिचा लौकिक आहे आणि तो रास्तही आहे. परंतु निवेदक यमू ही कथेच्या आरंभी एक लहान मुलगी आहे. वडिलांचा करडा, संतापी स्वभाव, आईचे दबून राहणे, घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे वर्चस्व, भाऊ दादा याच्याशी असलेले जिवाभावाचे नाते, पुढे आईचा मृत्यू आणि वडिलांचे जवळजवळ मुलीच्याच वयाच्या मुलीशी झालेले दुसरे लग्न, हा सगळा भाग यमूच्या बालदृष्टीतून येतो.

येथे हरिभाऊंनी साधलेली एक गोष्ट अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे. प्रौढ यमू मागे वळून लिहीत असल्याने तिला त्या घटनांचा अर्थ आता कळतो; पण त्या वेळच्या यमूला तो कळत नव्हता, हे अंतर लेखक पुसून टाकीत नाही. वडील घरी असताना मुलांनी आवाज न करता वावरणे, आईचा चेहरा पाहून घरातील हवामान ओळखणे, भावाबहिणीने एकमेकांचा आधार होणे, या तपशिलांतून भीतीची सवय कशी लागते ते दिसते. मार खाल्ल्याचे वर्णन नसतानाही मूल भयभीत असू शकते, हे सांगण्यासाठी हरिभाऊंना कोणत्याही परिभाषेची गरज भासली नाही. यमूची मैत्रीण दुर्गी हिच्या संसारातील छळ आणि यमूचे स्वतःचे पुढील आयुष्य यांकडे वाचक पोहोचतो, तेव्हा सोसणे हा गुण मुलीच्या अंगी केव्हा व कसा बाणविला गेला, याचे उत्तर त्याला या पहिल्या प्रकरणांतून मिळालेले असते. कादंबरीतील समाजचिकित्सेचा पाया अशा रीतीने बालपणाच्या चित्रणात घातला गेला आहे.

३

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागशः प्रसिद्ध झाली. या ग्रंथात एकाच व्यक्तीला मुलाची व आईची अशा दोन्ही भूमिकांतून घरातील ताण अनुभवावा लागतो. म्हणून प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तो विशेष महत्त्वाचा आहे. लक्ष्मीबाईंच्या माहेरी त्यांच्या वडिलांना, नानांना, सोवळ्याचे विलक्षण वेड होते. त्यांच्या सासऱ्यांना १८५७च्या धामधुमीच्या प्रकरणात फाशी झाली आणि त्या आघातानंतर हे सोवळे जडले, असे त्या सांगतात. बाहेरून येणारी जवळजवळ प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे आणि त्याची झळ बायकोला व मुलांना रोज लागत असे. आजच्या भाषेत याला आपण मानसिक आजार म्हणू. लक्ष्मीबाई ते मोठ्या विनोदाने सांगतात. त्या विनोदाचे कौतुक समीक्षकांनी पुष्कळ केले आहे. परंतु तो विनोद ही एक बचावाची रीतही आहे, हे लक्षात घ्यावयास हवे. ज्या मुलाला वडिलांच्या वागण्याला विरोध करता येत नाही आणि त्याचे कारणही कळत नाही, त्याला हसणे हा एक मार्ग उरतो. साठी उलटलेल्या लेखिकेच्या शैलीत त्या लहान मुलीचा हा मार्ग टिकून राहिलेला दिसतो.

दुसरा प्रसंग नारायण वामन टिळकांच्या धर्मांतराचा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई टिळकांकडे परत गेल्या व १९०० साली त्यांनीही दीक्षा घेतली. मधल्या काळात लहान दत्तू आईजवळ होता. कायद्याने हा घटस्फोट नव्हता. परंतु नातेवाइकांची ओढाताण, आईची घालमेल, वडिलांची अनुपस्थिती हे सारे त्या मुलाच्या वाट्याला आले. ग्रंथात आईचे मन अत्यंत स्पष्ट दिसते; दत्तूचे मन मात्र केवळ ओझरते दिसते. हा दोष म्हणून दाखवावयाचा नाही. आपल्या दुःखात बुडालेल्या मोठ्या माणसाला शेजारच्या मुलाचे मन किती दिसू शकते, याची ती स्वाभाविक मर्यादा आहे. तरीही हे कुटुंब पुन्हा जुळले, आणि या तुटलेल्या काळात पतिपत्नींनी एकमेकांविषयीचा आदर सर्वस्वी सोडलेला नव्हता, ही बाब मुलाच्या दृष्टीने निर्णायक ठरली असावी. हाच दत्तू पुढे देवदत्त नारायण टिळक या नावाने लेखक झाला आणि आईने आठवणी लिहाव्यात यामागे त्याची प्रेरणा होती. आईबापांच्या वियोगाची कथा आईने सांगावी, असे मुलालाच वाटणे, ही मराठी वाङ्मयेतिहासातील साधी गोष्ट नव्हे.

४

१९८०नंतरच्या दलित व भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत मूल स्वतः बोलू लागते. येथे कलहाचे स्वरूपही बदलते. घर मोडणारी शक्ती केवळ घरातली राहत नाही. ती गावच्या सत्तेतून, जातीतून, जमिनीच्या मालकीतून येते.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (१९८४) या आत्मकथनाचे शीर्षकच नेमके आहे. तोळ्याचे मासे बारा. अकरा माशांचे ते उणे, खोटे, अशा अर्थाने अनौरस संततीला ही शिवी दिली जाते. निवेदकाची आई मसामाई हिचा संसार विठ्ठल कांबळे यांच्याशी होता. ज्या सवर्ण जमीनदाराच्या शेतावर ते राबत, त्यानेच तो संसार मोडला. आधीची दोन मुले बापाकडे राहिली आणि आईपासून तुटली. जमीनदारापासून झालेल्या मुलाचे, म्हणजे निवेदकाचे, पितृत्व त्या जमीनदाराने नाकारले. अशा रीतीने एका विवाहविच्छेदात दोन प्रकारची मुले निर्माण झाली : बाप असलेली पण आई गमावलेली आणि आई असलेली पण बाप नाकारलेला. या आत्मकथनाची चर्चा आपण जातिव्यवस्थेचा दस्तऐवज म्हणून करतो आणि ती तशीच व्हावयास हवी. पण जात या घटनेचे कारण सांगते. परिणाम एका लहान मुलाच्या मनावर झालेला आहे. मी कोण, माझे गाव कोणते, माझे नाव कोणाचे, हे प्रश्न निवेदक पुनःपुन्हा विचारतो. ती पुनरावृत्ती काहींना शैलीदृष्ट्या सैल वाटते. परंतु उत्तर न मिळालेले मूल तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारते, हे ध्यानात घेतले म्हणजे तिची अपरिहार्यता पटते.

या आत्मकथनातील आणखी एक नाते येथे आवर्जून पाहावे. निवेदकाची आजी संतामाई आणि तिच्यासोबत राहणारे मुस्लिम वृद्ध गृहस्थ, ज्यांना निवेदक ‘दादा’ म्हणतो, यांनी त्याला माया दिली. हे नाते रक्ताचे नव्हते, धर्माचे नव्हते, कोणत्याही दप्तरात त्याची नोंद होऊ शकत नव्हती. तरीही जन्मदात्याने नाकारलेल्या मुलाला घर म्हणून जे काही मिळाले, त्यात या माणसाचा मोठा भाग होता. एखादा तरी स्थिर, प्रेमळ प्रौढ आधार मिळाला तर मूल पुष्कळ आघात पचवू शकते, असे बालमानसशास्त्र सांगते. ‘अक्करमाशी’त हे तत्त्व अत्यंत दरिद्री घरात, भाकरीच्या चिंतेत, प्रत्यक्ष वावरताना दिसते.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) याहून वेगळ्या कोंडीतून लिहिलेले आहे. आईला शिकण्याची इच्छा असताना घरच्यांनी तिला तमाशात नाचावयास लावले. पुढे एका पुरुषासोबत राहण्यासाठी ती गेली आणि मूल आजोळी मागे राहिले. आजोळी त्याच्या वाट्याला काम, उपासमार आणि मार आला. येथे मुलाचा राग नाकारणाऱ्या बापापेक्षा निघून गेलेल्या आईवर अधिक आहे. ज्याच्याकडून अपेक्षा असते त्याच्यावरच मूल रागावते, हे या कथनातून फार प्रांजळपणे व्यक्त झाले आहे. निवेदक मोठा होतो, मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतो, डॉक्टर होतो. त्या ओघात आईची स्वतःची कोंडीही त्याला कळू लागते. राग आणि समजूत या दोन्ही गोष्टी शेवटपर्यंत एकत्र नांदतात. लेखक एकीसाठी दुसरीचा बळी देत नाही. मुखपृष्ठावर बापाच्या नावाच्या जागी ‘शांताबाई’ हे नाव येते. त्यामुळे लेखकाचे नाव हाच या ग्रंथाचा पहिला अन्वयार्थ ठरतो.

५

नाटकात निवेदकाची सोय नसते. त्यामुळे मुलाचे अंतरंग मांडणे कठीण जाते आणि पुष्कळदा मूल संवादातून, उल्लेखातूनच उपस्थित होते. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकात लीला बेणारे हिच्या किशोरवयात सख्ख्या मामाशी आलेला संबंध हा अभिरूप न्यायालयात तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडला जातो. अल्पवयीन भाची आणि प्रौढ मामा यांपैकी उत्तरदायी कोण, हा प्रश्न त्या न्यायालयातील एकालाही पडत नाही. २०१२ साली बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा झाला. त्यानंतर हे नाटक वाचताना हा प्रसंग वेगळा दिसू लागतो. ज्याला नाटकातील पात्रे बेणारेचे पहिले पाप म्हणतात, तो वस्तुतः तिच्यावर झालेला पहिला अन्याय आहे. आणि शेवटच्या प्रदीर्घ स्वगतात ती ज्या जगण्याच्या गोष्टी मागते, त्या पोटातल्या मुलासाठी आहेत : बाप, घर, चांगले नाव. आपल्याला जे लाभले नाही त्याची ती जणू यादीच करते.

‘कन्यादान’ (१९८३) या नाटकात अरुण आठवले पत्नीला मारतो आणि आपल्या वागण्याचा उगम बालपणी पाहिलेल्या, दारू पिऊन आईला मारणाऱ्या बापात दाखवितो. हिंसा पिढीकडून पिढीकडे जाते, हे निरीक्षण खोटे नाही. पण नाटकातील या उत्तराला दोन मर्यादा आहेत. पहिली, अरुणचे स्पष्टीकरण त्याच्या बचावासाठी आलेले आहे. ते नाटककाराचे मत म्हणून घेणे धोक्याचे आहे. दुसरी, मार पाहिलेले मूल मोठेपणी मारणारच, असा नियम नाही. संभव वाढतो, अटळता सिद्ध होत नाही. लिंबाळे व काळे यांची आत्मकथने या बाबतीत ‘कन्यादान’ला दिलेले उत्तर म्हणून वाचता येतात. त्यांच्या निवेदकांनी अपमान व मार भोगला. त्यातून त्यांनी साक्ष उभी केली. वर्गात ही तीन पुस्तके एकत्र शिकविली तर वस्ती, जात आणि हिंसा यांचे सोपे समीकरण मांडण्याचा मोह टळेल.

याच नाटकातील ज्योतीकडेही मूल म्हणून पाहावयास हवे. नाथ देवळालीकरांचे घर सुशिक्षित, लोकशाहीवादी, मोकळ्या चर्चेचे. तेथे मारहाण नाही. परंतु वडिलांच्या ध्येयवादाचे ओझे मुलीने आपल्या संसारावर वाहिले आणि अखेरीस ती वडिलांनाच जाब विचारते. सुसंस्कृत घरातील मूलही मोठ्यांच्या इच्छेचे साधन होऊ शकते, याची ही कठोर जाणीव आहे.

प्रशांत दळवी यांच्या ‘चारचौघी’ (१९९१) या नाटकात चित्र थोडे बदलते. विवाहित पुरुषाशी संबंध ठेवून, त्याच्या दुसऱ्या घराची जाणीव उघडपणे स्वीकारून आईने तीन मुली वाढविल्या आहेत. त्या मुलींना समाजाचे प्रश्न चुकलेले नाहीत. तरी घरात खोटेपणा नसल्याने त्यांना प्रश्न विचारण्याचे बळ आहे. कुटुंबाचा आकार रूढ नसणे आणि कुटुंब मुलासाठी घातक असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या नाटकाने मराठी प्रेक्षकांपुढे ठेवले.

६

वर पाहिलेल्या साहित्यकृतींत नावाचा प्रश्न वारंवार येतो. तो प्रतीकात्मक नाही, व्यवहारातील आहे. शाळेत नाव घालताना लिंबाळे यांच्या निवेदकाला बापाचे नाव विचारले जाते. वास्तविक १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानुसार विवाहबाह्य संबंधातून झालेल्या मुलाची नैसर्गिक पालक प्रथम आई असते आणि तिच्यानंतर बाप. औरस मुलाच्या बाबतीत क्रम उलट होता. तेथे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे, पण पालकत्व बापाकडे. ‘बापानंतर आई’ या शब्दांचा अर्थ ‘बापाच्या मृत्यूनंतरच’ असा घ्यावयाचा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गीता हरिहरन खटल्यात १९९९ साली स्पष्ट केले. अविवाहित मातेला बापाचे नाव उघड न करता पालकत्व मागता येते, असा निर्णय २०१५ साली झाला. आणि महाराष्ट्र शासनाने २०२४मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव लावणे शासकीय दस्तऐवजांत अनिवार्य झाले. ‘कोल्हाट्याचं पोर’च्या लेखकाने स्वतःच्या नावात जे केले, ते शासकीय दप्तरात यावयास तीस वर्षे लागली. साहित्य कायद्याच्या पुढे होते, असे म्हणताना एक भान मात्र ठेवावे : आईचे नाव आता बापाच्या नावासोबत लागते, त्याऐवजी नव्हे. बापाने नाकारलेल्या मुलाचा प्रश्न त्यामुळे आपोआप सुटत नाही.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष काढता येतात.

एक, मराठी साहित्यात भांडत्या घरातील मूल आरंभापासून आहे. परंतु इतरांच्या दुःखकथेतील दुय्यम पात्र ते स्वतःच्या साक्षीचा निवेदक, हा प्रवास सुमारे शंभर वर्षांचा आहे. हरिभाऊंची यमू या प्रवासाच्या आरंभी अपवादासारखी उभी आहे.

दोन, या कथनांतील पुनरावृत्ती, अपुरी माहिती, विनोद, एकाच व्यक्तीविषयी राग व माया यांचे सहअस्तित्व ही वैशिष्ट्ये केवळ रचनेच्या निकषांवर मोजू नयेत. आघात सोसलेल्या मुलाच्या जाणिवेचे ते आकृतिबंध आहेत. आत्मकथनाच्या समीक्षेत या दृष्टीचा समावेश होणे आवश्यक वाटते.

तीन, विभक्त होणे व कलह यांत फरक केला पाहिजे. ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘चारचौघी’ यांत घराचा रूढ आकार मोडतो, पण मुलांना सत्य व माया मिळते. उलट, यमूचे घर वरून अभंग आहे आणि तेथेच भीती मुरलेली आहे. घर एकत्र राहिले म्हणजे मूल सुरक्षित राहिले, ही समजूत या साहित्यकृतींच्या आधारे टिकत नाही.

शेवटी अध्यापनाविषयी एक मुद्दा. या साहित्यकृती महाविद्यालयीन वर्गात वाचल्या जातात. वर दिलेल्या पाहणीचा अर्थ असा की, वर्गात बसलेल्यांपैकी अनेकांनी हे अनुभव घेतलेले असतात. प्राध्यापकाने समुपदेशक व्हावे, अशी अपेक्षा नाही. कोणाला स्वतःविषयी बोलते करण्याचा आग्रह तर मुळीच नसावा. परंतु ‘अक्करमाशी’ शिकविताना जातीच्या विवेचनानंतर ‘या मुलाला कोणी जवळ केले?’ एवढा एक प्रश्न विचारता येतो. ‘शांतता!’ शिकविताना मामाचे उत्तरदायित्व स्पष्ट शब्दांत सांगता येते. अशा वेळी मागच्या बाकावरील एखाद्या विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला कळते की, घरात जे घडले त्याचा दोष आपल्याकडे नव्हता. साहित्याच्या अध्यापनाने एवढे साधले, तरी ते अभ्यासक्रमाच्या बाहेरचे कार्य ठरत नाही. संहितेचे नीट वाचन केल्याचाच तो परिणाम असतो.